दोन टोकांचा एक दोर

जालन्याहून मुंबईकडे निघालेली गाडी मनमाडच्या जवळ आली की अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आणि हडबीची शेंडी हा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. टंकाईच्या उतारावरील जैन लेणी अनेक कुटुंबांनी पाहिलेली असतील. आता घरातली तरुण मुले त्या सुळक्याकडे बोट दाखवून ‘आम्हाला हा चढायचा आहे’ म्हणतात. होकार वा नकार देण्यापूर्वी या विद्येचा हिशेब समजून घेणे बरे.

प्रस्तरारोहणाचा दोर साधारणतः ५० ते ६० मीटर लांबीचा असतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा कडा त्याहून कितीतरी उंच. म्हणून तो टप्प्याटप्प्याने चढावा लागतो. अशा टप्प्यास ‘पिच’ म्हणतात. एकजण आघाडीवर चढतो, दुसरा खालून दोर सांभाळतो. आघाडीचा गडी कातळातील बोल्ट वा मेखांना कॅराबिनर लावून त्यांतून दोर ओवत जातो. शेवटच्या आधाराच्या दोन मीटर वर असताना हात निसटला, तर तो किमान चार मीटर खाली येतो. दोराचा ताण आणखी वेगळा. झटका सौम्य व्हावा म्हणून हा दोर मुद्दाम ताणला जाणारा बनवलेला असतो.

टप्पा संपला की आघाडीचा गडी निदान दोन स्वतंत्र आधारांना स्वतःस बांधून घेतो. एक निखळला तरी दुसऱ्याने सारा भार पेलला पाहिजे. मग तो वरून दोर सांभाळतो आणि जोडीदार वाटेतले कॅराबिनर काढत वर येतो. दोघेही बांधले गेल्यावरच पुढचा टप्पा सुरू होतो. प्रत्येक गाठ एकाने बांधावी व दुसऱ्याने तपासावी, हा नियम. पेढीवर एकाने मांडलेली बेरीज दुसऱ्याने पडताळावी, तसाच.

शिखर गाठल्यावर निम्मेच काम झालेले असते. थकवा, घाई आणि ‘झाले एकदाचे’ ही भावना उतरताना घात करते. जानेवारी २०२२ मध्ये हडबीच्या शेंडीवर दोघांचा मृत्यू झाला, तो चढाई पूर्ण करून उतरताना. दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारणे, आधार पुन्हा तपासणे, दगड सुटू शकतात म्हणून डोक्यावरचे हेल्मेट पायथ्याशी येईपर्यंत न काढणे, या गोष्टी उतरतानाही तितक्याच काटेकोरपणे पाळाव्या लागतात. सूर्यास्तापूर्वी खाली यायचे, ही शिस्त तर आपल्या घरांतील मुलांना नवी नाही.

शिकण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी जमिनीवर गाठी, मग लहान कातळ, मग एक टप्पा, आणि पुष्कळ सरावानंतर अनेक टप्पे. अबूच्या स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्थेत याचे रीतसर शिक्षण मिळते. मुलाने परवानगी मागितली, तर ‘किती उंच?’ हा प्रश्न नंतर विचारावा. आधी विचारावे: शिकवणार कोण, दोर किती जुना आहे आणि तुझी गाठ तपासणार कोण? या तिन्ही प्रश्नांना ठाम उत्तर मिळाले, तर त्यास जरूर जाऊ द्यावे.