बनवाबनवी : पडद्यावरची आणि आमची

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती. बाहेर कारंजाचे ऊन मी म्हणत होते आणि आमच्या घरी कूलरसमोर सगळे बसून ‘अशी ही बनवाबनवी’ पाहत होते. हा चित्रपट आम्ही किती वेळा पाहिला, याचा हिशेब आमच्यासारख्या कारकुनालाही ठेवता आलेला नाही. १९८८ साली तो आला तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. त्या काळी भाड्याने व्हीडीओ आणायचा, घराघरांतून वर्गणी काढायची आणि अंगणात सतरंज्या टाकून रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहायचे, अशी वस्तीची रीत होती. ‘बनवाबनवी’ आम्ही असाच पहिल्यांदा पाहिला. आमची आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिला ऐकू कमी येते. पण लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून पडद्यावर आला, की ती हसायला लागते.

तेवढ्यात पुण्याहून थोरल्या मुलीचा फोन आला. ती नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून तिकडे एका दवाखान्यात लागली आहे. मैत्रिणीबरोबर भाड्याची खोली शोधत होती. म्हणाली, “बाबा, खोली दाखवाच्या आधी आडनाव विचारतात. सांगितलं की म्हणतात, दोन दिवसांनी कळवतो. मग कोणी कळवत नाही. काय सांगू?”

पडद्यावर धनंजय माने आणि मंडळींना पुण्यातच खोली मिळत नव्हती आणि त्यावर सारे घर हसत होते. आमच्या हातातला फोन मात्र तसाच राहिला.

तेव्हापासून आपले मराठी चित्रपट आणि टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम यांविषयी जे डोक्यात घोळते आहे, ते वाचकांपुढे ठेवतो. आम्ही काही समीक्षक नव्हे. दिवसा कार्यालयात आवक-जावक नोंदवणारे, संध्याकाळी वस्तीच्या कामात असणारे आणि रात्री जेवताना टीव्ही पाहणारे साधे प्रेक्षक आहोत. पण प्रेक्षकालाही मत असते, आणि ते त्याने मांडले पाहिजे.

एकच अट

‘बनवाबनवी’ सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केला. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावरून तो घेतलेला आहे. चार तरुणांना राहायला जागा नाही. घरमालकीण लीलाबाई काळभोर यांची अट एकच, खोली लग्न झालेल्या जोडप्यांनाच मिळेल. मग चौघांपैकी दोघे बायका होतात आणि पुढचा गोंधळ साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांची कामे पाहून आजही पोट दुखते. अशोक सराफ यांना २०२३ चा ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार आणि २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या वस्तीतही लोकांना आपल्या घरचा सत्कार झाल्यासारखे वाटले. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले. पण पोट्ट्यांच्या तोंडी त्यांचे बोलणे अजून आहे.

हा चित्रपट इतका टिकला, कारण त्यातली अडचण खरी आहे. डोक्यावर छप्पर नसण्याची काळजी गरीब माणसाला समजावून सांगावी लागत नाही. शिवाय त्यात कुणाच्या गरिबीची थट्टा नाही. हसतो ते आपण त्या चौघांच्या धडपडीला आणि वेळोवेळी उडणाऱ्या फजितीला. मात्र लीलाबाईंची अट ऐकली की आता आम्हाला वाटते, एवढीच अट असती तर किती बरे झाले असते!

कारण आम्हीही बनवाबनवी केली आहे. १९९८ ते २००१ आम्ही नागपुरात बी. कॉम. करीत होतो. चार ठिकाणी आडनावावरून नकार आला. पाचव्या ठिकाणी आम्ही गावाच्या नावाला ‘कर’ जोडला आणि ‘कारंजेकर’ झालो. खोली मिळाली. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत कपड्यांखाली गेली. जवळजवळ दोन वर्षे आम्ही कारंजेकर होतो. घरमालकीण आजी मायाळू होत्या, सणाला ताट पाठवीत. ते ताट रिकामे करून परत देताना हात थरथरत. परशुरामला पदर सांभाळावा लागे. आम्हाला शब्द सांभाळावे लागत. ‘जयभीम’ ओठांवर आला की गिळावा लागे. शेवटी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांच्या नातवाने आम्हाला पाहिले. चित्रपटात सोंग उघडे पडते तेव्हा सारे गोड होते. आमचे सोंग उघडे पडले आणि महिनाअखेर सामान सायकल-रिक्षावर चढले. आजी दारात आल्या नाहीत. हे आम्ही आजवर घरातही सांगितले नव्हते. त्या रविवारी फोन ठेवल्यावर सांगितले.

हसू कुणावर?

विनोदाचे आमचे माप तेव्हापासून एकच आहे. हसू कुणावर चालले आहे? वर बसलेल्यावर, की खाली पडलेल्यावर?

या मापात दादा कोंडके पुष्कळ ठिकाणी उतरतात. गिरणगावच्या नायगावात वाढलेला हा माणूस ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘पांडू हवालदार’ (१९७५) असे चित्रपट देत गेला आणि त्यांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची गिनीज बुकाने नोंद घेतली. त्यांचा नायक साधाभोळा, अडाणी, ढगळ चड्डीतला. पण शेवटी शहाण्यांना तोच पुरून उरतो. गिरणी कामगार, हमाल, शेतमजूर यांना पडद्यावर आपला माणूस दिसला. अर्थात द्व्यर्थी बोलण्याचा अतिरेकही त्यांच्याकडे आहे. आमच्या घरी त्यांचा चित्रपट लागला, की आई पाणी भरायला उठे आणि चित्रपट संपेपर्यंत घागर भरत नसे. बायकांना उठून जावे लागते, तो विनोद पुरुषांचाच झाला, घराचा नाही.

आणि हे सोंगाडेपण आले कुठून? ते तमाशातून आले. बतावणी करून पाटलाची, सावकाराची, भटजीची फिरकी घेणारे ते कलावंत बहुतांशी गावकुसाबाहेरचे होते. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा हाच हजरजबाबीपणा प्रबोधनाला जुंपला. आपल्या विदर्भात दंडार आणि खडी गंमत आहे. झाडीपट्टीची नाटके आजही रात्रभर चालतात, आणि त्या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे लोकांना हसविण्याची विद्या आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. ती आपल्याच घरातून गेली आहे.

दिवाणखान्यातला विनोद

टीव्हीवरचा विनोद आमच्याकडे आला तो दूरदर्शनवरून. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव’ मालिका आम्हाला वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक. त्यातले चिमणराव, दिलीप प्रभावळकर, पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत (२००१) आबा झाले. त्या मालिकेत कुणाला टोचले नाही, कुणाला खाली पाडले नाही. कुटुंबाने मिळून पाहावी अशी ती होती. मात्र अशा मालिकांतल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर आमच्या घरातली तसबीर कधी दिसली नाही. शेजारी म्हणूनसुद्धा आमच्यातले कुणी साखर मागायला आले नाही.

पुढे २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ घराघरांत पोचली. या कलावंतांचे आम्ही आभार मानतो. २०२० च्या टाळेबंदीत हाताला काम नव्हते, तेव्हा वस्तीतल्या किती घरांतली संध्याकाळ या कार्यक्रमांनी सावरली. पवईच्या फिल्टरपाड्यातून आलेला गौरव मोरे आपल्या पाड्याचे नाव अभिमानाने घेतो, तेव्हा झोपडपट्टीतल्या पोरांची मान वर होते. भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलतात, तेव्हा आमच्या घरी टीव्हीचा आवाज वाढतो.

पण टीव्हीवरच्या या विनोदाचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. पुरुषाने बाईचा वेश घेणे जुने आहे, दंडारीतही होते. त्याला आमची हरकत नाही. बाई काळी, बाई जाडी, म्हणून हसा, याला आहे. वऱ्हाडी बोलणारा म्हणजे गावंढळ, मोलकरीण म्हणजे चोंबडी, अशी ठरलेली सोंगे किती दिवस चालवायची? आमच्या भागातल्या एका शाळेत स्नेहसंमेलनात पोरांनी टीव्हीचे पाहून नाटुकले केले. लाईट गेली की ही दिसतच नाही, असा काळ्या पोरीवर विनोद होता. सारे हसले. वस्तीतली एक आठ वर्षांची मुलगीही हसली. घरी जाऊन आईला म्हणाली, “माय, मले गोरं व्हाची क्रीम आणून दे.” विनोद दोन मिनिटांत संपला, ती मात्र अजून आरशासमोर उभी आहे.

हसणाऱ्यांकडे बघणारे चित्रपट

अलीकडच्या दोन मराठी चित्रपटांनी हसणाऱ्यांनाच आरसा दाखविला, म्हणून ते आम्हाला मोलाचे वाटतात. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ साली चित्रपटगृहांत आला. कैकाडी समाजातला जब्या आईबापाबरोबर डुक्कर पकडतो आणि गावातली पोरे तमाशा पाहावा तशी बसून हसतात, टोमणे मारतात. आधी प्रेक्षकही थोडा हसतो. मग हसू घशात अडकते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. तुम्ही कुठे बसून हसत होता, हे तो दगड विचारतो.

दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली कोरोनाने त्यांना नेले. या चित्रपटात शाहिराविरुद्ध खटला चालविणाऱ्या सरकारी वकील बाई सुटीच्या दिवशी कुटुंबासह विनोदी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयाची टिंगल होते आणि सभागृह टाळ्या वाजवते. बाई वाईट नाहीत. घर, मुले, स्वयंपाक सांभाळणाऱ्या चारचौघींसारख्याच आहेत. पण रविवारी कुणावर हसायचे हे शिकलेला माणूस सोमवारी न्यायालयात कुणाकडे कसे पाहील, ते दिग्दर्शकाने न बोलता दाखविले आहे.

मंजुळे यांचाच ‘झुंड’ (२०२२) हिंदी असला तरी आपल्या नागपूरचा. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकविणारे विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. त्यात भीमजयंती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे आणि आमच्यासारखेच ‘काहून बे’ बोलणारी पोरे आहेत. ती पोरे थट्टामस्करी करतात, आपण त्यांच्याबरोबर हसतो. त्यांच्यावर हसायला कुणी बोलावलेले नाही. हा फरक आमच्या आईलाही कळला.

आपला विनोद आपणच लिहू

मग आमच्या घराची विनोदी मालिका कधी होणार? विषयांना तोटा नाही. एका वस्तीत दोन मंडळे, दोन अध्यक्ष, दोन पावतीपुस्तके, आणि लाऊडस्पीकर मात्र एकच, तोही भाड्याचा! व्यासपीठावर एवढे मान्यवर, की सत्कार संपेपर्यंत समोरचे श्रोते घरी जेवून परत येतात. आम्ही बी. कॉम. म्हणून दरवर्षी खजिनदारी आमच्या गळ्यात आणि दरवर्षी ‘इतर खर्च’ या रकान्यावरून रात्री बारापर्यंत सभा. लग्नात बँजो नको, साधेपणाने करू, असे भाषण करणारे आम्हीच आणि पुतण्याच्या वरातीत पुढे नाचलेलेही आम्हीच. यावर हसायला काय हरकत आहे? स्वतःवर हसणारा समाज दुबळा नसतो.

वस्तीतल्या मुलामुलींनी जयंतीला टीव्हीची नक्कल करण्यापेक्षा असे एखादे वीस मिनिटांचे नाटुकले लिहावे. काळ्या-गोऱ्याची, जाड्या-बारक्याची, बोलीची टवाळी त्यात नको. आमची खुशाल करा. आम्ही पहिल्या रांगेत बसू.

आता मुलीचे सांगायचे राहिले. त्या रविवारी फोनवर आम्ही गप्प होतो, तेव्हा तिची आई म्हणाली, “खोटं काहून सांगाचं? आपन का चोरी केली?” पोरीने पूर्ण नाव सांगणे चालू ठेवले. आणखी तीन ठिकाणी कुणी कळवले नाही. चौथ्या ठिकाणी एका बाईंनी ड्युटीच्या वेळा विचारल्या, अनामत रक्कम विचारली आणि किल्ली दिली. आम्ही सामान पोचवायला गेलो, तेव्हा बाबासाहेबांची तसबीर तिने आधीच भिंतीला लावलेली होती, दारातून दिसेल अशी.

खोलीत टीव्ही नाही. दोघी मैत्रिणी मोबाइलवर ‘बनवाबनवी’ पाहतात. आम्ही विचारले, “अजून हसू येते का गं?”

म्हणाली, “येतं ना बाबा, लय येतं. पण आता वाटतं, यायचं बरं होतं. यायले फक्त बायकोच पाहिजे होती.”