वाऱ्याची ओढ, बानाची लाट

बंगाली भाद्र महिन्याच्या अखेरच्या दिवशी, बहुतेक वर्षी १७ सप्टेंबरला, हावड्यातली यंत्रं थांबतात. बेलिलियस रोडच्या लेथ कारखान्यांत विश्वकर्म्याची पूजा होते आणि दुपारपासून गच्चीगच्चीवरून पतंग चढू लागतात. एखादा कापला गेला की गल्लीभर ‘भोकाट्टा!’ अशी आरोळी उठते. याच मोसमात अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला हुगळी नदीत बान येतो. समुद्राकडून आलेलं भरतीचं पाणी निमुळत्या खाडीत कोंडतं आणि उभ्या लाटेच्या रूपानं प्रवाहाविरुद्ध वर चढत जातं.

वर पतंग आणि खाली लाट. काइटसर्फिंगला, म्हणजे पतंगाच्या ओढीनं बोर्डावर उभं राहून लाटांवर धावण्याच्या खेळाला, याच दोन गोष्टी लागतात. तरीही हुगळीवर हा खेळ रुजलेला नाही, आणि तो रुजूही नये असं माझं मत आहे. त्यामागचं कारण मात्र समजून घेण्याजोगं आहे, कारण लाटांमध्ये वेग कसा आवरायचा आणि उडी मारल्यावर सुखरूप कसं उतरायचं, या दोन्ही प्रश्नांचं विज्ञान त्यात आहे.

पतंगाची ओढ कामाला लावण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शिक्षकानं १८२६ मध्ये पतंगांनी ओढायच्या घोडाविरहित गाडीचं पेटंट घेतलं होतं. पाण्यावर अडचण अशी की पडलेला पतंग भिजतो आणि पुन्हा उठत नाही. ती सोडवली फ्रान्सच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी. त्यांनी पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी बसवली आणि १९८४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ही नळी पतंगाला तरंगत ठेवते आणि त्याचा आकारही टिकवते. पुढे २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रावर पतंगाच्या शर्यती प्रथमच झाल्या. तिथं सिंगापूरचा मॅक्स मेडर अवघ्या १७ व्या वर्षी कांस्यपदक घेऊन गेला.

आता वेगाकडे वळू. नवशिक्याला वाटतं की वेग म्हणजे वारा, आणि वारा काही आपल्या हातात नाही. प्रत्यक्षात वेगाचा लगाम दोन ठिकाणी असतो, एक आकाशात आणि दुसरा पायाखाली.

वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर पतंग समोरच्या आकाशाच्या ठरावीक भागातच उडू शकतो. तो थेट डोक्यावर किंवा या भागाच्या कडेला असेल तेव्हा ओढ कमी असते. समोर, वाऱ्याच्या मधोमध आणला की ओढ एकदम वाढते. हावड्याच्या गच्चीवरचं पोर पतंगाला गोता देतं, तेव्हा हातातला मांजा ताणला जातो तो याचमुळे. फरक एवढाच की काइटसर्फिंगचा पतंग ७ ते १२ चौरस मीटरचा असतो आणि वीसेक मीटर लांबीच्या दोरांनी तो कमरेच्या पट्ट्याला जोडलेला असतो. हातातला बार, म्हणजे दोर बांधलेली दांडी, स्वतःकडे ओढला की पतंग वाऱ्याला अधिक कोन देतो आणि ओढ वाढते. बार पुढे सोडला की कोन उतरतो आणि ओढही उतरते. घाबरलेला माणूस नेमका बार घट्ट धरून छातीशी ओढतो, म्हणजे ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो. म्हणून बार सोडायला शिकणं हे धरायला शिकण्याच्या आधी यावं लागतं.

दुसरा लगाम बोर्डाच्या कडेत आहे. शरीर मागे झुकवून टाचेचा जोर दिला की बोर्डाची कड पाण्यात रुतते, बोर्ड वाऱ्याच्या दिशेनं वर वळतो आणि वेग पडतो. बोर्ड पतंगाकडे वळवला की वेग वाढतो. उडीसाठी लागणारा ताणही ही रुतलेली कडच साठवते, त्याकडे पुढे येऊ.

सपाट पाण्यावर एवढं पुरतं. लाटांमध्ये हिशेब बदलतो, कारण पतंगाला जमिनीवरचा वारा जाणवत नाही. त्याला जाणवतो तो खेळाडूच्या सापेक्ष वारा. समजा वारा ताशी ३० किलोमीटरचा आहे आणि खेळाडू लाटेवर स्वार होऊन त्याच दिशेनं ताशी २० नं निघाला. पतंगाच्या वाट्याला उरला ताशी १० चा वारा. वाऱ्याचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे ओढ एक नवमांशावर आली. दोर सैल पडतात आणि पतंग कोसळतो. म्हणूनच लाटांत मुरलेले लोक किनाऱ्याला जवळपास समांतर वाहणारा वारा पसंत करतात. तेव्हा लाट एका दिशेनं ढकलते, वारा दुसऱ्या दिशेनं ओढतो आणि दोर ताणलेले राहतात.

हाच हिशेब हावड्याच्या बानाला लावून पाहा. अठराव्या शतकात बंगालची मोजणी करणारा जेम्स रेनेल लिहून गेला आहे की हुगळी पॉइंटपासून हुगळी गावापर्यंतचं जवळपास ७० मैलांचं अंतर बान चारेक तासांत कापतो आणि कोलकात्यात पाणी कधी कधी एकदम ५ फूट चढतं. म्हणजे वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो. गुरुत्वत्वरण गुणिले खोली, आणि त्याचं वर्गमूळ. खोली ६ मीटर धरली तर उत्तर येतं सेकंदाला ७.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची नोंद आणि शाळेतलं सूत्र इतकं जवळ यावं, याचा मला मनापासून आनंद होतो.

आता वाऱ्याची दिशा पाहू. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कोलकात्याकडे वारा मुख्यतः दक्षिणेकडून येतो आणि बानही ढोबळमानानं दक्षिणेकडून उत्तरेला जातो. वारा ताशी २५-३० चा असेल तर बानावर स्वार झालेल्याच्या पतंगाला वारा जवळजवळ मिळणारच नाही. लाटेच्या अंगावरून आडवं धावत राहिलं तर पतंग हवेत टिकेल, पण ढकलण्याचं सगळं काम लाटेलाच करावं लागेल. शिवाय बान काठाजवळ फुटतो, तिथं घाट, जेट्या आणि बांधलेल्या नावा असतात. मधल्या खोल पाण्यात तो सौम्य होतो, म्हणून बान येताना नावा काठ सोडून मध्यावर नेण्याचा शहाणपणा रेनेलच्याही काळात होता. काठावरच्या इमारती वारा तोडतात. आणि चैत्र-वैशाखात वायव्येकडून कालबैशाखीचं वादळ उतरतं. ताशी २५ चा वारा बघता बघता ८० वर गेला तर ओढ दहापट होते. अशा वेळी कोणत्याही माणसाचं कौशल्य पुरत नाही.

आता उडीकडे येऊ. तिचा क्रम असा असतो. खेळाडू कड रुतवून दोरांत ताण साठवतो, पतंग झपाट्यानं डोक्यामागे नेतो आणि ताण टिपेला पोहोचला की कड सोडतो. आडवी ओढ उभी होते आणि माणूस वर फेकला जातो. जगभरातल्या सराईतांनी ३० मीटरच्या वर उड्या नोंदवल्या आहेत. पण उंचीपेक्षा उतरणं अवघड. पतंग फार मागे राहिला तर माणूस लंबकासारखा झोके खातो आणि दोर सैल असतानाच पाण्यावर आदळतो. उतरायला लागताच पतंग डोक्यावरून पुढे, जायच्या दिशेनं खाली आणायचा असतो. त्यामुळे पतनाचा काही भाग पुढच्या धावेत बदलतो. बोर्डाचं तोंड पतंगाकडे ठेवायचं. तो आडवा टेकला तर कड रुतते आणि माणूस तोंडावर पडतो.

गुडघ्यांचं महत्त्व आकड्यांत दिसतं. सेकंदाला ५ मीटर वेगानं खाली येणारं शरीर १० सेंटिमीटरमध्ये थांबलं तर त्याला गुरुत्वाच्या सुमारे १३ पट धक्का बसतो. गुडघे आणि कंबर वाकवून तेच थांबणं अर्ध्या मीटरवर पसरवलं तर धक्का अडीचपटीवर येतो. गुडघे ताठ ठेवून उतरणाऱ्याची दुखापत या साध्या भागाकारातूनच येते.

लाटांत उतरण्याची जागाही निवडावी लागते. दोन लाटांमधला सपाट खळगा सर्वांत कठीण, कारण तिथं पाणी पतनाला सरळ आडवं येतं. लाटेच्या उतारावर, उताराच्याच दिशेनं टेकलं तर पाण्याकडे जाणारा वेगाचा भाग कमी होतो आणि बोर्ड घसरत पुढे निघतो. फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस मऊ दिसतो, पण त्यात हवा मिसळलेली असते. बोर्ड तिथं बुडतो आणि कडेला पकड मिळत नाही. उडण्याआधी तीन-चार सेकंद पुढची लाट वाचता येत नसेल तर उडूच नये.

आपल्याकडे या खेळाची एक घरची जागा म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. मोरजी आणि आश्वे इथं फेब्रुवारी ते मे या काळात जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारे वारे वाहू लागतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्याला ते तिरके लागतात, त्यामुळे माणूस ना थेट दगडांवर फेकला जातो, ना खोल समुद्रात वाहून जातो. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पतंग उतरवताना राखलेल्या घरट्यांपासून दूर राहणं हा तिथल्या शिस्तीचा भाग असायला हवा.

हा खेळ शिकायला जाणार असाल तर एक गोष्ट आधी पाहा. बारच्या खाली, कमरेच्या पट्ट्याजवळ एक सुटका-कळ असते. ती ढकलली की पतंगाची ओढ एका क्षणात संपते. ती डोळे मिटून, कोणत्याही एका हातानं, पाण्यात गटांगळ्या खातानाही सापडली पाहिजे. पहिल्याच दिवशी, पतंग हवेत जाण्याआधी, प्रशिक्षक तिचा सराव करून घेत नसेल, तर पैसे भरू नका आणि दुसरी शाळा शोधा.