बिदरी काम

बिदरी काम ही काळ्या धातूवर चांदीची नक्षी जडवण्याची दख्खनमधील हस्तकला होय. कर्नाटकातील बीदर शहरावरून तिला हे नाव मिळाले. मराठी भाषकांची लक्षणीय वस्ती असलेला बीदर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथेही ही कला जोपासली गेली.

इतिहास

भांड्यांवर चांदी जडवण्याची प्रथा मध्ययुगीन इस्लामी जगात भरभराटीस आली होती. मोसुल येथे १२३२ साली घडवलेली, चांदी जडवलेली पितळी झारी लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली. त्या काळात इराणी कारागिरांनी ही कला येथे आणली, असे परंपरा सांगते. तथापि आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या वस्तू साधारणतः सतराव्या शतकातील आहेत. त्यामुळे बहमनी उगमाचा आधार मुख्यतः परंपरा हाच आहे.

मोसुलच्या भांड्यांचा मूळ धातू पितळ, तर बिदरीचा जस्तप्रधान मिश्रधातू. हा बदल दख्खनचे वैशिष्ट्य होय. हुक्क्याची बैठक, सुरई, पानदान, पिकदाणी व हात धुण्याची तस्ते या वस्तू विशेष प्रचलित होत्या.

कृती

सुमारे सोळा भाग जस्त व एक भाग तांबे यांचा रस वाळूच्या साच्यात ओततात. ओतीव वस्तू कानशीने गुळगुळीत करून तिच्यावर मोरचुदाचे द्रावण चोळतात. त्यामुळे पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो आणि त्यावर कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. छिन्नीने खोदलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. नंतर वस्तू घासून तिचा करडा रंग पुन्हा उघडा करतात.

शेवटी वस्तू किंचित तापवून तिच्यावर नवसागर व बीदरच्या किल्ल्यातील जुन्या मातीचा लेप चोळतात. या मातीत क्षार असतात. मिश्रधातू कायमचा काळा होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. शुद्ध जस्तावर असा गडद रंग चढत नाही. म्हणून तांब्याचा अल्प अंशही अत्यावश्यक ठरतो. तेल लावल्यावर काळेपणा अधिक खुलतो.

सद्यःस्थिती

बिदरी वस्तूंना २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. हुक्का व पानदान यांचा वापर ओसरल्याने कारागीर आता फुलदाण्या, डब्या व दागिनेही घडवतात. वस्तूंचे रूप बदलले, तरी खोदकाम, जडाव व मातीचा लेप हा क्रम कायम आहे.