‘गोडे’ आणि ‘खवट’: पाळीव प्राण्यांच्या घरगुती आहारातील तेलाचा विचार

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात कुत्र्यामांजरांसाठी घरीच अन्न शिजविणारी कुटुंबे आहेत. भात, अंडे, कोंबडीचे मांस किंवा मासळी, आणि वर चमचाभर तेल, असा त्या अन्नाचा सामान्य क्रम होय. हे तेल कोणते असावे, हा प्रश्न पशुवैद्यकाचा खरा. तथापि त्याचे उत्तर ज्या शब्दांत दिले-घेतले जाते, ते शब्द भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतात. शब्द सैल असला की जिन्नस चुकतो, आणि त्या चुकीचे फळ भोगणाऱ्या प्राण्यास तक्रार करता येत नाही.

‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’ यावरून आला. ‘तैल’ म्हणजे मुळात तिळाचा स्नेह. पुढे अर्थविस्तार इतका झाला की, ‘सर्षपतैल’ यासारख्या शब्दांची उपपत्ती लावताना पाणिनीय परंपरेतील वैयाकरणांनी ‘तैल’ हा प्रत्ययच मानला. मराठीतील ‘खोबरेल’, ‘एरंडेल’ या रूपांत त्याचाच झिजलेला अवशेष दिसतो. इंग्रजी ‘ऑइल’ हा शब्दही असाच मूळच्या ऑलिव्हवाचक ग्रीक शब्दापासून निघालेला आहे. सारांश, ‘तेल’ हे आता एका द्रव्याचे नव्हे, तर वर्गाचे नाव आहे. ‘गोडेतेल’ हा शब्द त्याहून नेमका वाटतो. परंतु तोही कोणत्या बियांचे तेल ते सांगत नाही, केवळ खाण्याजोगेपणा सांगतो. ‘थोडे गोडेतेल घाला’ या सल्ल्याचा अर्थ एका घरी शेंगदाण्याचे, तर दुसऱ्या घरी सूर्यफुलाचे तेल असा होऊ शकतो.

हा भेद क्षुल्लक नाही. लिनोलेइक आम्ल कुत्र्यास व मांजरास आहारातूनच मिळावे लागते. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात ते सुमारे ७५ टक्के, सामान्य सूर्यफूल तेलात ६० टक्क्यांच्या आसपास, शेंगदाणा तेलात बरेच कमी, आणि खोबरेलात जेमतेम २ टक्के असते. मांजरास याखेरीज अ‍ॅराकिडोनिक आम्ल लागते. ते प्राणिज अन्नातूनच मिळते. म्हणून मांजराच्या बाबतीत कोणतेही बियांचे तेल मांसाची उणीव भरून काढीत नाही. प्रमाणही पाहावे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याच्या दैनंदिन गरजेचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होय. अतिस्निग्ध आहाराने कुत्र्यास स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. तळणीचे उरलेले तेल आणि कांदा-लसणाच्या फोडणीचे तेल सर्वथा वर्ज्य समजावे. कांदा व लसूण दोन्ही प्राण्यांस घातक आहेत.

आता ‘खवट’ या विशेषणाकडे वळू. हा शब्द तेल, खोबरे, शेंगदाणे अशा स्निग्ध पदार्थांच्या एका विशिष्ट बिघाडाकरिता राखलेला आहे. ‘आंबट’, ‘कुबट’, ‘नासका’ यांपैकी कोणताही शब्द त्याच्या जागी चालत नाही. रसायनशास्त्र ज्यास ऑक्सिडीभवन म्हणते, त्याची खूण मराठी नाकाने फार पूर्वी नोंदविलेली आहे. हवा, उजेड, उष्णता आणि तांब्यालोखंडाचा अंश यांनी ही क्रिया वेग घेते व तेलातील ई-जीवनसत्त्व नष्ट होते. ज्या तेलात लिनोलेइक आम्ल अधिक, तेच लवकर खवटते, हा यातील पेच आहे. जवसाचे तेल तर याहूनही नाजूक.

खाडीकाठच्या आपल्या उष्ण व दमट हवेत म्हणून लहान बाटलीच घ्यावी. ती गडद काचेची असावी, शेगडीपासून दूर ठेवावी व झाकण घट्ट लावावे. तांब्यापितळेचे भांडे टाळावे. उरलेल्या जुन्या तेलावर नवे ओतू नये. बाटली धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच भरावी. जवसाचे तेल शीतपेटीत ठेवावे.

वेष्टनावरील मुदत ही बंद वेष्टनाविषयीची ग्वाही आहे. ते उघडल्यानंतर तिचा आधार तुटतो. त्यानंतर उरते ते नाक, आणि नाकाला जाणवलेले सांगणारा शब्द. बंद पिशवीतले, गंधहीन केलेले तेल वापरणाऱ्या पिढीच्या बोलण्यातून ‘खवट’ हा शब्द मागे पडला, तर कोशातील एक नोंद जुनी होईल एवढेच नव्हे. स्वयंपाकघरातील एक परीक्षाही बंद पडेल. आहाराचा निर्णय पशुवैद्यकाने द्यावा; परंतु त्याच्यापुढे केवळ ‘तेल’ न म्हणता कशाचे, किती आणि केव्हा उघडलेले, एवढे सांगणे हे आपले काम आहे.