विश्वपरिक्रमा क्रूझ

विश्वपरिक्रमा क्रूझ म्हणजे प्रवासी जहाजातून पृथ्वीला, किंवा तिच्या बऱ्याच मोठ्या भागाला, फेरी घालणारे दीर्घ मुदतीचे समुद्रपर्यटन होय. असा प्रवास साधारणपणे तीन ते पाच महिने चालतो. काही प्रवास त्याहूनही लांबतात. मालवाहतूक किंवा स्थलांतर हा त्याचा हेतू नसतो. जहाज हेच या प्रवाशांचे निवासस्थान, भोजनगृह, करमणुकीचे ठिकाण आणि वाहन असते. त्यामुळे जहाजावर काही महिन्यांपुरती एक स्वयंपूर्ण वसाहत निर्माण होते. या वसाहतीत प्रवासी आणि कर्मचारी असे दोन समाज एकाच वेळी, परंतु अगदी भिन्न परिस्थितीत राहतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात उत्तर अटलांटिकवरील प्रवासी जहाजांना हिवाळ्यात प्रवासी कमी मिळत. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे संचालक आल्बर्ट बालिन यांनी यावर उपाय म्हणून 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज जानेवारी १८९१ मध्ये भूमध्य समुद्राच्या सहलीवर पाठवले. आधुनिक समुद्रपर्यटनाचा आरंभ बहुधा या सफरीपासून मानला जातो. केवळ पर्यटनासाठी बांधलेले 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ' हे जहाज याच कंपनीने १९०० मध्ये पाण्यात उतरवले.

कुनार्ड कंपनीच्या 'लॅकोनिया' जहाजाने १९२२-२३ मध्ये न्यूयॉर्कहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकाच प्रवासी जहाजातून अखंड केलेली ही पहिली विश्वपरिक्रमा सहल समजली जाते. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिक पार करणारी जेट विमानसेवा सुरू झाली आणि नियमित सागरी प्रवासी वाहतूक झपाट्याने घटली. परिणामी अनेक मोठी जहाजे पर्यटनाकडे वळवण्यात आली. २००२ मध्ये सेवेत आलेल्या 'द वर्ल्ड' या जहाजावर १६५ खासगी निवासिका आहेत. या निवासिका विकत घेणारे लोक सतत फिरत्या घरातच राहू शकतात.

मार्ग आणि कालावधी

बहुतेक विश्वपरिक्रमा जानेवारीच्या सुमारास युरोप किंवा अमेरिकेतून सुरू होतात आणि एप्रिल-मेच्या दरम्यान संपतात. उत्तर गोलार्धातील कडाक्याचा हिवाळा टाळणे हे यामागील मुख्य कारण आहे. मार्गात सामान्यतः सुमारे ८० किलोमीटर लांबीचा पनामा कालवा आणि १९३ किलोमीटर लांबीचा सुएझ कालवा यांपैकी एक किंवा दोन्ही असतात. पनामा कालव्यात जलपाशांच्या साहाय्याने जहाज समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंच चढवले जाते व पुन्हा खाली उतरवले जाते. सुएझ कालव्यात जलपाश नाहीत.

मार्ग आधी ठरलेला असला तरी तो पक्का नसतो. वादळे, बंदरांतील संप आणि युद्धजन्य परिस्थिती यांमुळे तो बदलावा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये मायामीहून निघालेल्या 'सेरेनेड ऑफ द सीज' या जहाजाची २७४ रात्रींची सफर हे याचे ठळक उदाहरण आहे. तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले होऊ लागल्याने या सफरीचा नियोजित मार्ग बदलून आफ्रिकेला वळसा घालणारा मार्ग स्वीकारण्यात आला.

प्रवाशांची दिनचर्या

जहाजावरील दिवस दोन प्रकारचे असतात : बंदराचे दिवस आणि समुद्राचे दिवस. बंदराच्या दिवशी प्रवासी सकाळी किनाऱ्यावर उतरतात आणि ठरलेल्या वेळेपूर्वी परततात. धक्क्याजवळ पाणी उथळ असल्यास जहाज दूर नांगरले जाते व लहान नौकांतून प्रवाशांची ने-आण होते. पॅसिफिकसारख्या विस्तीर्ण महासागरात मात्र सलग अनेक दिवस जमीन दिसत नाही.

समुद्राच्या दिवसांना आकार देण्यासाठी काटेकोर वेळापत्रक असते. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमांचे पत्रक आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये पोहोचवले जाते. पुढील बंदराविषयीची व्याख्याने, पत्त्यांचे डाव, गायनवर्ग, नृत्यशिक्षण, डेकवरील फेऱ्या आणि रात्रीचा रंगमंचीय कार्यक्रम हा नित्यक्रम असतो. अनेक जहाजांवर दुपारी कप्तान ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे स्थान, वेग आणि हवामान सांगतो. विषुववृत्त ओलांडताना पहिल्यांदाच तेथून जाणाऱ्यांना सागरदेव नेपच्यूनच्या दरबारात उभे करून पाण्याने भिजवण्याची जुनी खलाशी प्रथा आजही विनोदी समारंभाच्या रूपात पाळली जाते.

सर्वच प्रवासी पूर्ण फेरी करत नाहीत. काही जण दोन बंदरांमधील एखाद्या टप्प्यापुरतेच येतात. त्यामुळे पूर्ण प्रवास करणाऱ्यांचा एक कायमचा गट तयार होतो. जेवणाचे टेबल, डेकवरची खुर्ची आणि धुलाईखोलीतील पाळी यांवरून त्यांच्यात स्नेह जुळतात, तसे रुसवेफुगवेही होतात.

घड्याळ आणि वार

पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रत्येक १५ रेखांशांमागे स्थानिक वेळेत एका तासाचा फरक पडतो. पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावर म्हणूनच दर काही दिवसांनी घड्याळ एक तास मागे घेतले जाते आणि तो दिवस २५ तासांचा होतो. पूर्ण प्रदक्षिणेत अशा २४ तासांची भर पडते. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना दिनदर्शिकेतील एक दिवस गाळून हा हिशेब जुळवला जातो. पूर्वेकडे जाताना उलट घडते : दिवस २३ तासांचे होतात आणि वाररेषेवर एकच दिनांक दोनदा येतो.

हा फरक मॅगेलनच्या मोहिमेतील खलाशांच्या प्रथम लक्षात आला. जुलै १५२२ मध्ये ते केप व्हर्दे बेटांवर पोहोचले, तेव्हा त्यांच्या नोंदीप्रमाणे बुधवार होता, परंतु किनाऱ्यावरील लोक गुरुवार सांगत होते. मोहिमेचा वृत्तांतलेखक अंतोनिओ पिगाफेत्ता याने ही घटना नोंदवून ठेवली आहे.

आरोग्य आणि सुरक्षा

जहाजावर डॉक्टर, परिचारिका व लहान रुग्णालय असते. तेथे शक्य नसलेल्या उपचारांसाठी रुग्णाला पुढील बंदरात उतरवतात किंवा किनारा जवळ असल्यास हेलिकॉप्टरने नेतात. दीर्घ प्रवासात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने मृत्यूच्या घटनाही घडतात. यासाठी मोठ्या जहाजांवर शवागाराची सोय असते.

बोट लागणे ही सर्वांत सामान्य तक्रार आहे. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेले स्थिरक पंख हेलकावे कमी करतात, तरी ते पूर्णपणे थांबत नाहीत. नोरोव्हायरसमुळे होणाऱ्या उलट्या-जुलाबांची साथ बंदिस्त जागेत वेगाने पसरते. म्हणून भोजनगृहाच्या दारातच हात धुण्याचा आग्रह धरला जातो.

'टायटॅनिक'च्या १९१२ मधील दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणासाठी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. तोपर्यंत नव्या प्रवाशांची आपत्कालीन कवायत २४ तासांच्या आत घेणे पुरेसे मानले जाई. आता ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक आहे.

कर्मचारी

खोल्या साफ करणारे, आचारी, वाढपी, यंत्रचालक, खलाशी, वादक अशा शेकडो कर्मचाऱ्यांवर जहाजाचे जीवन अवलंबून असते. त्यांच्या केबिन बहुधा खालच्या, खिडक्या नसलेल्या मजल्यांवर असतात आणि अनेकदा दोघांना मिळून एक असते. कर्मचाऱ्यांसाठी जहाजाच्या लांबीभर जाणारा एक मुख्य बोळ असतो. अनेक जहाजांवर त्याला अमेरिकेतील महामार्गावरून 'आय-९५' असे गमतीदार नाव पडले आहे.

२००६ चा सागरी श्रम करार २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. या करारानुसार कामाचे तास २४ तासांत १४ आणि आठवड्यात ७२ यांहून अधिक नसावेत, अथवा विश्रांती २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास मिळावी. साप्ताहिक सुटी मात्र या कामात क्वचितच मिळते. घड्याळ मागे घेतलेली रात्र कर्मचाऱ्यांना म्हणूनच प्रिय असते, कारण झोपेला एक तास अधिक मिळतो.

या नोकऱ्यांत गोवा, मुंबई आणि कोकण परिसरातील लोक मोठ्या संख्येने आहेत. गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात आणि तेथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या या कमाईवर चालत आला आहे.

कोविड-१९ चा काळ

फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा येथे 'डायमंड प्रिन्सेस' जहाज विलगीकरणात ठेवण्यात आले. त्यावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना कोविड-१९ ची लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांपैकी १३२ कर्मचारी होते. प्रवासी केबिनमध्ये बंद असताना त्यांना जेवण पोहोचवण्याचे काम कर्मचारी करत होते आणि स्वतः मात्र सामायिक केबिनमध्ये राहत होते. विलगीकरणाचे संरक्षण दोन्ही गटांना समान मिळाले नाही, ही बाब नंतरच्या अभ्यासांतून पुढे आली.

याच सुमारास 'कोस्टा डेलिझिओसा' हे जहाज विश्वपरिक्रमेवर होते. बंदरे एकामागून एक बंद झाल्याने प्रवाशांना अनेक आठवडे जमिनीवर पाऊल ठेवता आले नाही. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी ते जेनोआला पोहोचले. प्रवासी घरी परतल्यानंतरही जगभरातील हजारो कर्मचारी रिकाम्या जहाजांवर अडकून पडले होते. भारतीय कर्मचाऱ्यांपैकी 'मरेला डिस्कव्हरी' जहाजावरील गटाला एप्रिलच्या अखेरीस मुंबई बंदरात उतरवण्यात आले.

पर्यावरण

जहाजाला लागणारे गोडे पाणी बऱ्याच अंशी समुद्राच्या पाण्यापासून जहाजावरच तयार केले जाते. समुद्रात प्लास्टिक टाकण्यास मार्पोल करारान्वये पूर्ण बंदी आहे आणि सांडपाणी किनाऱ्यापासून किती अंतरावर सोडावे याचेही नियम आहेत. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा जगभर ०.५० टक्क्यावर आणण्यात आली. तरीही इंधनाचा मोठा वापर आणि लहान बंदरांत एकाच दिवशी उतरणारी हजारोंची गर्दी यांमुळे या पर्यटनावर टीका होते. व्हेनिसच्या ऐतिहासिक भागासमोरील ज्युडेका कालव्यातून मोठ्या जहाजांना जाण्यास इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी घातली आहे.