हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये डेमू कशी धावेल? मॉडेल ट्रेन मागवण्याआधी 'या' 4 गोष्टी तपासा

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांमध्ये कुणी ना कुणी ऑनसाइट गेलेलं असतंच. मग त्याला मेसेज जातो, "येताना एक मॉडेल ट्रेन घेऊन ये ना!" ट्रेन येते, बॉक्स उघडतो, वायर जोडली जाते आणि गाडी काही हलत नाही. कधी कधी तर अ‍ॅडॉप्टरच जळतो. आणलेल्या गाडीत बिघाड नसला तरी असं होऊ शकतं. ते कसं टाळायचं?

पहिली ट्रेन म्हणून डेमूच का?

डेमू म्हणजे डिझेलवर चालणारी, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असलेली गाडी. 2017 मध्ये पुणे-दौंड मार्गावर अशी डेमू सुरू झाली होती. साध्या पॅसेंजरला शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. डेमूत फक्त ड्रायव्हर टोक बदलतो.

घरातही हाच फायदा मिळतो. इंजिनवाल्या गाडीसाठी लूप लाइन आणि सांधे लागतात. गोल ट्रॅक करायचा तर जवळपास 8 बाय 4 फुटांचा अख्खा प्लायवूड लागतो. 2 बीएचकेमध्ये तो ठेवणार कुठे? दोन डब्यांची डेमू मात्र साधारण अर्धा मीटर लांब असते. भिंतीलगत 6 फुटांची सरळ फळी आणि दोन टोकांना दोन स्टेशनं, एवढ्यावर तुमची शटल सेवा सुरू!

खरेदीआधी काय तपासायचं?

1. स्केल. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. ब्रिटनमध्ये ओओ चालतं, ते 76 पट लहान असतं. दोन्ही 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर धावतात, पण शेजारी ठेवल्यावर आकारातला फरक दिसतो. एन स्केल 160 पट लहान असतं आणि त्याचे रूळ 9 मिलिमीटरचे असतात.

गंमत म्हणजे, माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचे रूळ 1435 मिलिमीटरचे आहेत. त्याला 87 ने भागलं की बरोबर 16.5 येतात. भारतीय रेल्वेचा ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये 19 मिलिमीटरहून जास्त हवा. म्हणून भारतीय गाडीचं मॉडेल बाजारातल्या रुळांवर थोडं अरुंद उभं राहतं.

2. रुळांचा प्रकार. जर्मनीहून मागवताना हे आधी बघा. मर्कलिनच्या एचओ गाड्या रुळांच्या मधल्या पिनांमधून वीज घेतात. अशी गाडी नेहमीच्या दोन रुळांवर मावते, पण चालत नाही. उलट शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

3. अ‍ॅडॉप्टर. अमेरिकेत वीज 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. अ‍ॅडॉप्टरवर '100-240' लिहिलं असेल तर चिंता नाही. फक्त '120' लिहिलं असेल तर नुसती पिन बदलून प्लगमध्ये घालू नका.

4. डीसी की डीसीसी? डीसीमध्ये नॉब फिरवला की रुळांवरचं व्होल्टेज बदलतं आणि गाडीचा वेग कमी-जास्त होतो. डीसीसीमध्ये रुळांवर कायम वीज असते आणि गाडीतला डिकोडर नावाचा छोटा सर्किट बोर्ड आदेश वाचतो. एकाच गाडीसाठी डीसी पुरे. मात्र डिकोडर नसलेली गाडी डीसीसीच्या रुळांवर उभी करू नका, मोटर तापून जळू शकते.

जोडायची कशी?

फळी सपाट आहे का, ते आधी बघा. दोन डब्यांपैकी बऱ्याचदा एकातच मोटर असते. परतीच्या फेरीत दुसरा डबा नुसता ढकलला जातो. रुळांचा जोड वर-खाली असेल तर तो तिथेच घसरतो. जोडावरून बोट फिरवा, अडखळलं तर पुन्हा बसवा.

कंट्रोलरच्या दोन वायर दोन रुळांना जोडा. दोन्ही टोकांना अडथळा लावा, नाहीतर गाडी थेट फरशीवर. काही मॉडेलमध्ये दोन डब्यांमधून दिव्यांच्या वायर जातात, त्यामुळे डबे जोडताना जोर लावू नका. सुरुवातीची 20-30 मिनिटं गाडी सावकाश, दोन्ही दिशांनी चालवा.

गाडी थांबत-थांबत चालतेय? आधी धूळ बघा. वीज रुळांतून चाकांत जाते आणि हिंजवडीच्या धुळीचा पातळ थरही तिला अडवतो. कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि वीज बंद करून रूळ पुसा.

आधी बघायचं असेल तर?

कोथरूडला जा. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथे 1998 पासून आहे. तिथल्या गाड्या एचओ स्केलच्याच आहेत. तुमच्या फळीवर किती डबे मावतील, याचा अंदाज तिथे डोळ्यांनीच येईल. मित्राला मेसेज त्यानंतर करा, आणि त्यात फक्त 'ट्रेन आण' असं न लिहिता या चारही गोष्टी लिहा.