तळ्यातील रोग आणि घरचे औषध

गुरुग्राम म्हणताच उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण तेथील गावतळ्यांतून रोहू, कटला आणि मृगळ यांचे संवर्धनही होते. दाटी झाली, पाणी नासले, की एरोमोनास नावाचा जंतू माशांच्या अंगावर व्रण पाडतो. मग खाद्यात प्रतिजैविक मिसळले जाते. परंतु आजारी माशाची भूकच मंदावलेली असते. औषध पाण्यात विरते आणि तगलेले जंतू त्याला दाद देईनासे होतात. अपुऱ्या मात्रेचा हा धोका अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात सांगितला होता.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेतील संशोधकांनी २००७-०८ च्या सुमारास रोहूच्या खाद्यात हळद व आंब्याच्या कोयीचा गर मिसळून पाहिला. असे मासे या जंतूपुढे अधिक टिकले. मात्र वनस्पतीचा गुण भूमीगणिक बदलतो, आणि कडुनिंबाची मात्रा वाढल्यास तो माशांनाच बाधतो. म्हणून वनौषधी रोगापूर्वी, बेताने द्यावी. स्वच्छ पाणी व विरळ साठा हा पहिला उपाय. तळ्यात वाचविलेले प्रतिजैविक उद्या आपल्याच आजारी लेकराच्या कामी येईल.